सासऱ्यांचा पट, माझं ऊन

१ फेब्रुवारी

निर्णय झाला. यंदा फोटो क्लबच्या प्रदर्शनात माझा फोटो भिंतीवर लागणार. विषय आज जाहीर झाला. स्टिल लाइफ, आणि तेही फक्त नैसर्गिक प्रकाशात. फ्लॅश लावला की बाद. आमचे सेक्रेटरी (चष्म्याचं दुकान आहे, स्वतःचा चष्मा कायम कपाळावर) म्हणाले, की वस्तू साधी निवडा आणि उन्हाला बोलू द्या. बोलताना माझ्याकडे बघत होते. म्हणजे अपेक्षा आहेत.

गेल्या वर्षी आमच्याच ऑफिसातल्या अकाउंट्सवाल्याचा फोटो लागला होता. कशाचा, तर एका कांद्याचा. अर्धवट सोललेला. लोक समोर उभे राहून माना डोलवत होते. मी दोनदा जाऊन नीट पाहिला. कांदाच होता.

उद्यापासून लवकर उठणे.

२ फेब्रुवारी

उशिरा उठलो, पण वस्तू सापडली. घरातच होती. सासऱ्यांचा बुद्धिबळाचा सेट. जुनं लाकूड, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं. एका घोड्याचा कान उडालाय. त्यांच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीला लागून छोटं टेबल आहे, त्यावर पट बारा महिने मांडलेला. सकाळी साडेसातला तिथे तिरकं ऊन येतं, आणि नेमके त्याच वेळी सासरे फिरायला जातात. सगळं कसं जुळून आलंय.

सासरे गेल्या वर्षीपासून आमच्याकडेच असतात. आधी औषधांचं दुकान चालवायचे. कुठल्या खणात कुठली गोळी हे डोळे मिटून सांगायचे, असं बायको घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. गॅसवाल्यालाही सांगून झालंय. आता त्यांचा एकच उद्योग. रोज दहा वाजता त्यांचे जुने मित्र फोन करतात. ते गणिताचे मास्तर होते. यांनी एक चाल सांगायची, मास्तरांनी एक. दोघांकडे आपापला पट. कागदावर काही उतरवायचं नाही, कारण उतरवणं म्हणजे कॉपी, असा त्यांचा तरुणपणापासूनचा नियम. एकेक डाव महिनोनमहिने चालतो. रिकामपण दुसरं काय!

३ फेब्रुवारी, सकाळी

पहिलं शूट. आमचा कॅमेरा सुरू केला, की पहिला फोटो हटकून फ्लॅशचा पडतो. कुठलं तरी सेटिंग आहे. शोधणे. तर पहिला फोटो पडला तो वरून, सरळ, लख्ख. अंधार कसला, सावली कसली, काही नाही. लायसन्सवरच्या फोटोसारखा. डिलीट करणार होतो, पण ऊन सरकत होतं.

मांडणी अगदीच गचाळ. वजीर कोपऱ्यात तोंड लपवून बसलेला, उंट अंधारात, प्याद्यांची मध्येच गर्दी. खेळणाऱ्यांना कंपोझिशनचं काही पडलेलं नसतं. वजीर उन्हात आणला. उंट मागे नेला. एक काळा हत्ती आडवा पाडला, जरा नाट्य म्हणून. फोटो झाल्यावर सगळं जिथल्या तिथं ठेवलं. अंदाजे.

विमा कंपनीत क्लेम तपासण्यात माझं आयुष्य गेलंय. बारकावे लक्षात ठेवायला मला कुणी शिकवायला नको.

४ फेब्रुवारी

संध्याकाळी बायकोने सांगितलं, की काल फोनवर वाद झाला. सासऱ्यांनी उंटाची चाल सांगितली. मास्तर म्हणाले, तुमचा उंट तिथे नाहीच. सासरे म्हणाले, माझ्या डोळ्यांसमोर आहे. मग मास्तरांनी अख्खा पट तोंडपाठ म्हणून दाखवला. सासरे म्हणाले, असेल, माझंच चुकलं असेल. उंट उचलून मास्तरांनी सांगितलेल्या घरात ठेवला.

मी म्हटलं, वयानुसार व्हायचंच.

तो उंट मी हलवला होता हे मनात येऊन गेलं. पण मी तो परत ठेवला होता. त्याच घरात. फार तर शेजारच्या.

७ फेब्रुवारी

दोन दिवस ढग. आज ऊन आलं, पण फार कडक. फोटोग्राफीच्या पुस्तकात लिहिलंय, की ऊन पांढऱ्या कापडातून गाळून घ्यावं. बायकोची ओढणी खिडकीला लावली. दुसऱ्या बाजूने थर्माकोलचा तुकडा उभा केला, म्हणजे सावलीत उजेड परततो. थर्माकोल दोनदा पटावर पडला. दोन्ही वेळा मोहरे उभे केले. लाकडीच आहेत, त्यांना काय लागतंय!

हात थरथरू नये म्हणून टायमर लावला. घोडा सरकवता सरकवताच क्लिक झालं. माझा हात फ्रेममध्ये आला, मनगटावर घड्याळ, चिमटीत घोडा. बाद करण्यासारखा फोटो, पण हातावर ऊन काय पडलंय! हात माझा इतका देखणा आहे हे मला माहीत नव्हतं. ठेवून दिला.

शुक्रवारी ऑफिसात एक क्लेम आला होता. कपाट आपोआप पडलं म्हणे. वस्तू आपोआप हलत नसतात असा शेरा मारून फाइल परत पाठवली.

८ फेब्रुवारी

कालच्या फोनवर पुन्हा तेच. या वेळी घोडा. मास्तरांनी पुन्हा अख्खा पट म्हणून दाखवला, सासऱ्यांनी पुन्हा दुरुस्त केला. बायको सांगत होती, की फोन ठेवल्यावर ते बराच वेळ पटाकडे बघत बसले. मग तिला विचारलं, की मी सकाळी दूध आत ठेवलं होतं ना?

ठेवलं होतं.

मी लेकीला म्हटलं, आजोबांशी गप्पा मारत जा, मेंदूला चालना मिळते. ती म्हणाली, की बाबा, तुम्ही सकाळी त्यांच्या खोलीत काय करता? मी म्हटलं, प्रकाशाचा अभ्यास.

१० फेब्रुवारी

मोहऱ्यांना चमक हवी. पुस्तकात ग्लिसरीन लिहिलंय. घरात नव्हतं, म्हणून डोक्याचं तेल लावलं. काय झळाळी आली! काळा वजीर तर नुकताच न्हाऊन आल्यासारखा. आजवरचे सगळ्यात चांगले फोटो.

पुसायला वेळ मिळाला नाही. ऑफिसची बस.

११ फेब्रुवारी

काल सासऱ्यांच्या हातून तीन मोहरे निसटून पडले. त्यांनी बायकोला हात पुढे करून दाखवला, की बघ गं, कापतोय का? बायको म्हणते, कापत होता. मी म्हटलं, कुणालाही हात पुढे करून बघायला सांगितलं तर कापतोच. मी माझा करून दाखवला. चांगलाच कापला.

आज सकाळी मोहरे पुसणार होतो, पण ऊन फारच सुंदर होतं.

१२ फेब्रुवारी

अवघड दिवस. फ्रेममध्ये एक पांढरं प्यादं सारखं मध्ये येत होतं. खिशात टाकलं. ऑफिसात दुपारी रुमाल काढताना ते हातात आलं. अकाउंट्सवाला शेजारी होता. विचारू लागला, की काय रे, कशावर काम चालू आहे? मी म्हटलं, कळेल. तो म्हणाला, तो यंदा रिकाम्या खुर्चीचा फोटो देतोय. दया आली.

घरी आलो तर सासरे गुडघ्यांवर बसून पलंगाखाली बघत होते. सकाळपासून शोधताहेत म्हणे. त्यांच्या शर्टाला धूळ लागली होती आणि चेहरा एवढासा झाला होता. मी तिथल्या तिथे वाकलो, पलंगाखाली हात घातला आणि प्यादं बाहेर काढलं. सासऱ्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, जावईबापू, मी तिथे तीनदा बघितलं होतं हो.

प्रसंगावधान म्हणतात ते हेच. पण जेवण गेलं नाही. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, की दुपारी मीही तिथे झाडू मारला होता. स्वतःशीच म्हणाली असावी.

१३ फेब्रुवारी

बायकोने सासऱ्यांचा गोळ्यांचा डबा स्वतःकडे घेतला. ज्या माणसाने गावाला गोळ्या दिल्या, त्याला आता सकाळी दोन आणि रात्री एक हातावर मोजून मिळणार. त्यांनी डबा मुकाट्याने दिला. झाकण नीट लावून दिला.

शिवाय एकटं फिरायला जायचं नाही असं ठरलं. याला मी कडाडून विरोध केला. म्हटलं, मोकळी हवा हवीच, सकाळची तर हवीच हवी, आणि साडेसातचीच हवी. बायकोचे डोळे भरून आले. म्हणाली, की तुम्ही बाबांचा इतका विचार करता! शेवटी ती त्यांच्याबरोबर जाणार. वेळ तीच. खोली मोकळी.

सव्वीस तारखेपर्यंत फोटो द्यायचाय.

१५ फेब्रुवारी

सांगून टाकायचं ठरवलं. सरळ सांगायचं, की बाबा, मोहरे मी हलवत होतो. त्यात काय एवढं?

सकाळी सांगणार होतो, पण ऊन होतं. संध्याकाळी सांगणार होतो, तर सासरे लवकर झोपले. शिवाय आत्ता सांगितलं तर बायको खोलीत पाऊल टाकू देणार नाही, आणि काम अर्धवट राहील. अर्धवट काम सासऱ्यांनाही आवडत नाही. म्हणून आधी फोटो, मग सांगणे. सव्वीसला नक्की. सत्तावीसला फार तर.

कॅमेरा अजूनही रोज पहिला फोटो फ्लॅशचाच काढतो. सेटिंग शोधणे.

१७ फेब्रुवारी

सुट्टी घेतली होती, म्हणून घरी होतो. दहाचा फोन मी स्वतः ऐकला. मुद्दाम नाही. दाराशी उभा होतो.

सासरे म्हणाले, मास्तर, हा डाव मी सोडतो. तिकडून काहीतरी मोठ्याने बोलणं झालं. सासरे म्हणाले, की हरलो म्हणून नाही हो, पट आता डोक्यात राहत नाही. तुम्ही दुसरं कुणी बघा. बोलणं संपलं, तरी फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.

मी रुमालाने डोळे पुसले. त्या खोलीत धूळ फार आहे.

नंतर सासऱ्यांनी मोहरे एकेक करून पुसले, पेटीत भरले आणि पेटी मला आणून दिली. म्हणाले, नात म्हणत होती, तुम्हाला फोटोसाठी हवाय. घ्या, आता तसाही रिकामाच आहे. हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं, की मला थँक्यू म्हणावं लागलं.

बायकोने मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली आहे. सोमवारची.

१८ फेब्रुवारी

सेट पूर्ण माझा. आता घाई नाही, चोरी नाही, परत ठेवायची कटकट नाही. खिडकीत टेबल हवं तसं वळवलं. वजीर, राजा, आडवा हत्ती, कान उडालेला घोडा, सगळं मनासारखं मांडलं. ऊनही होतं. ओढणी, थर्माकोल, सगळं जागेवर.

भरपूर फोटो काढले. एकातही काही नाही. लाकडाचे तुकडे उन्हात वाळत टाकल्यासारखे दिसतात.

ऊन बदललंय. फेब्रुवारीचं ऊन असंच असतं. आधीच्या फोटोंतलाच एक द्यावा.

२१ फेब्रुवारी, रविवार

दिवस लिहून काढतो. इथे मीच वाचणार आहे.

कुठला फोटो द्यावा हे ठरत नव्हतं. म्हणून कॅमेरा टीव्हीला जोडला आणि घरच्यांना सगळे फोटो पहिल्यापासून दाखवायचे ठरवले. कलाकाराचा प्रवास दिसावा हाही हेतू होता. बायको, लेक, सासरे, सगळ्यांना सोफ्यावर बसवलं. सासरे यायला तयार नव्हते. त्यांचं लक्ष सोमवारकडे. मीच आग्रह केला. स्वतः जाऊन हाताला धरून आणलं.

पहिला फोटो तीन तारखेचा, फ्लॅशचा. मी म्हटलं, हा सोडा, हा चुकून पडलाय. पुढे गेलो. सासरे म्हणाले, थांबा. मागे घ्या.

मागे घेतला. ते उठून टीव्हीजवळ गेले. म्हणाले, उंट इथेच होता. बरोबर. आता पुढचा. पुढच्यात उंट मागे, वजीर उन्हात, हत्ती आडवा. मी प्रकाशाबद्दल सांगायला लागलो. कुणी ऐकेना.

लेकीने रिमोट माझ्या हातातून घेतला आणि भराभर पुढे गेली. सात तारखेला थांबली. हात. मनगट. चिमटीत घोडा. ऊन खरोखर सुंदर पडलं होतं. लेक म्हणाली, बाबा, हे घड्याळ तर आजोबांनी तुम्हाला दिलेलं.



मग सासऱ्यांनी नातीला म्हटलं, की फक्त ते पहिले फोटो काढ, रोजचा पहिला. मी आदल्या दिवशी मास्तरांशी बोलून पट लावून ठेवायचो, तो त्यात असणार. पण तारीख सांग, आणि लगेच दाखवू नकोस. ते पाठ फिरवून बसले आणि डोळे मिटले. लेक तारीख सांगायची. ते राजापासून शेवटच्या प्याद्यापर्यंत सगळं सांगायचे, कोण कुठल्या घरात. मग ती फोटो लावायची. सात तारीख, बरोबर. दहा, बरोबर. बारा, बरोबर. पंधराला तर मास्तरांची चाल कशी चुकली तेही सांगितलं. एकही घर हुकलं नाही. बायको तोंडावर पदर घेऊन रडत होती.

सासऱ्यांनी डोळे उघडले. म्हणाले, म्हणजे माझं डोकं ठीक आहे गं. एवढंच म्हणाले, आणि मग तेही रडले. हसतही होते.

मला लाज वाटली. क्लेममध्ये कुणी लिहिलं असतं, की वस्तू हलवल्या आणि अंदाजे परत ठेवल्या, तर त्याची फाइल मी साहेबांपर्यंतही जाऊ दिली नसती.

शेवटी सासरे माझ्याकडे वळले. वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकच विचारलं, की जावईबापू, ते प्यादं पलंगाखाली नव्हतं ना?

नव्हतं, म्हणालो.

२२ फेब्रुवारी

डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द. गोळ्यांचा डबा सासऱ्यांच्या कपाटात परत. बायको माझ्याशी बोलत नाही, पण ऑफिसचा डबा मात्र बांधून दिला. उघडला तर फक्त ब्रेड. कोरडा.

दहाला सासऱ्यांनी स्वतः मास्तरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मास्तर इतक्या मोठ्याने हसले म्हणे, की लेकीला स्वयंपाकघरात ऐकू आलं. मग म्हणाले, की तुम्ही डाव सोडलात, पण मी पट मोडलेला नाही. अजून तसाच मांडून ठेवलाय, रोज नुसती धूळ पुसतो. या, तुमची चाल आहे.

पेटी परत दिली. मोहऱ्यांना अजून थोडं तेल होतं. बायकोने माझ्याकडून सगळे मोहरे साबणाने धुऊन घेतले. कान उडालेला घोडा दोनदा.

२६ फेब्रुवारी

क्लबला फोटो दिला नाही. सेक्रेटरींना सांगितलं, की यंदा ऊन मनासारखं नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत वर सारला.

हाताचा तो फोटो देता आला असता. पण घरात त्याचं नाव काढायची सोय नाही.

४ मार्च

प्रदर्शन पाहून आलो. अकाउंट्सवाल्याची खुर्ची लागली आहे. लोक माना डोलवत होते. खुर्चीच होती.

घरी आता मला कायमचं काम लागलंय. शिक्षा असं कुणी म्हणत नाही, पण ठरवलं बायकोने आणि सुचवलं मास्तरांनी. रोज फोनवरच्या चाली झाल्या, की संध्याकाळी मी पटाचा एक फोटो काढायचा आणि मास्तरांना पाठवायचा, म्हणजे पुन्हा वाद नको. त्यांच्या त्या जुन्या नियमाचं काय, असं मी विचारून पाहिलं. सासरे म्हणाले, की नियम दोन माणसांसाठी होता, या घरात खेळणारे तीन निघाले.

फोटोच्या अटी अशा: वरून. सरळ. फ्लॅश लावून. मोहऱ्यांना हात लावायचा नाही. सासरे शेजारी उभे राहतात.

आज जरा बाजूचा कोन घेऊन पाहिला, खिडकीत थोडं सोनेरी ऊन होतं म्हणून. बायको आतूनच म्हणाली, सरळ. अकरा दिवसांत तिने माझ्याशी बोललेला हा सगळ्यात लांब शब्द. सरळ काढला.

थोड्या वेळाने मास्तरांचं उत्तर आलं. फोटो उत्तम, सगळं जिथल्या तिथं दिसतं.

उत्तम. माझ्या फोटोला कुणी उत्तम म्हटल्याची ही पहिलीच वेळ. पुन्हा पुन्हा वाचलं. उद्या अकाउंट्सवाल्याला दाखवणार आहे.

फ्लॅशचं काही बोलणार नाही.